गणपतीआधी लिहिलेलं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. सोनू शेजारी असतो, आणि आईला लगेच रडू येतं. म्हणून लिहिते.

परवा परतताना तवसाळच्या फेरीबोटीचा भोंगा वाजला आणि सोनू कान दाबून कुणाच्या तरी स्कूटरमागे शिरला. एक काकू म्हणाल्या, "दोन फटके द्या, गप बसेल." जयगडचा धक्का येईपर्यंत मी त्याला पोटाशी धरून तिथेच पत्र्यावर बसले. त्याच्या किंचाळण्याने मी एवढी दमत नाही, लोकांना त्याचा ऑटिझम समजावून दमते. आणि आई, खरं सांगू? तुलाही.

"तू नोकरीवर जायचीस, त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं" हे तू सहज म्हणालीस. रात्री दोन वाजता मला तेच आठवतं. (सोनू तेव्हा जागा असतो, म्हणजे मीही.) असं म्हणणारी तू पहिली नाहीस. अमेरिकेत एके काळी मूल ऑटिस्टिक असलं की मोठमोठे डॉक्टर आईच्या कोरडेपणालाच दोष द्यायचे. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने 1964 साली पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतला आहे. माझ्या नोकरीमुळे नाही, कुणाच्या दृष्टीमुळे नाही, देवीची ओटी राहिली म्हणूनही नाही. ओटी मी भरेन, ते वेगळं.

बाबा, तुम्हाला एक काम. सोनूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आलंय. आता नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचा फॉर्म भरायचाय. वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. एसटीत तुम्ही जन्मभर कागद सांभाळलेत. मला हल्ली झेरॉक्सचं दुकान दिसलं तरी पोटात गोळा येतो.

गणपतीला येतोय. झांजा सुरू झाल्या की मी त्याला घेऊन मागे बागेत जाईन. "आरती सोडून कुठे चालली?" असं कोणी विचारलं तर आई, उत्तर तू दे.

यंदा मे महिन्यात शिंपणं चालू असताना तो पाटाच्या पाण्यात एकेक सुपारी सोडत तासभर बसला होता. बाबा, तुम्ही पायरीवर बसून नुसते बघत होतात. एकदाही "इकडे बघ, आजोबा म्हण" म्हणाला नाहीत. तो तास मी माजघरात जमिनीवरच झोपले होते, उशीसुद्धा न घेता.

भाद्रपदात मागचा पऱ्ह्या वाहत असेल. रोज एक तास त्याला तिकडे न्याल? मला चहालाही उठवू नका.

तुमची,
ताई