उभ्या गाडीचं पासिंग कोण करणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या मुलाने हौसेनं एक कॅराव्हॅन भाड्यानं घेतली. मी, आमची मंडळी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं असे सहा जण मिरजेहून निघालो आणि फोंडा घाट उतरून मालवणच्या बाजूला गेलो. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी. आत पलंग, ओटा, संडास-न्हाणी, एसी, सगळं. डिकीत पेट्रोलवर चालणारा जनरेटर.

मी एसटीच्या कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कुठलीही गाडी आली की आधी खाली वाकून बघायची खोड आहे. या वेळी वाकलो नाही. नातीनं हात धरून आत ओढलं आणि मी पडदे, दिवे बघत बसलो. ती चूक माझी.

रात्री माडांच्या एका वाडीत मुक्काम होता. दरवाजा समुद्राकडं यावा म्हणून ड्रायव्हरनं गाडी मागं घेत कमरेएवढ्या चिऱ्यांच्या गडग्याला जवळजवळ टेकवली. आठला जनरेटर सुरू झाला. ऑक्टोबर हीट कोकणात काय असते ते सांगायला नको, सगळ्या काचा बंद करून एसी लावला. तेव्हा वारा समुद्रावरून येत होता, धूर गडग्यापलीकडं जात होता. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, पण ते भूगोलाच्या पेपरापुरतं. मध्यरात्रीनंतर वारा फिरला आणि जमिनीकडून वाहू लागला. मागचा धूर आता गाडीच्या पोटाखाली शिरत होता.

दीडच्या सुमारास धाकटी नात उठून ओकली. सूनबाई म्हणाल्या, "मामा, कोळंबी बाधली असेल." मला पटलंही असतं. पण आमच्या मंडळींचा सोमवार होता, त्यांनी नुसता वरणभात खाल्ला होता, आणि डोकं सगळ्यांत जास्त त्यांचंच ठणकत होतं. ड्रायव्हरनं दोन वाट्या कोळंबी हाणली होती, तो बाहेर खाटेवर घोरत होता. मी उठायला गेलो तर गुडघ्यात जोरच नाही.

तेव्हा आठवण झाली आमच्या कार्यशाळेची. थंडीत शेडचे दरवाजे लावून विभागाच्या पेट्रोल जीपचं ट्यूनिंग चाललं होतं. हेल्पर पोरगा बॉनेटवर हात टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. धूर दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. बाहेर उघड्यावर आणून टाकल्यावर पोरगं उलटी करून बोलायला लागलं. ते चाळीसेक वर्षांपूर्वीचं, पण कशामुळं झालं हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं होतं.

ओरडून सगळ्यांना उठवलं, दरवाजा उघडला, पोरांना उचलून माडाखाली नेलं, मग जनरेटर बंद केला. हाच क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसं बाहेर, मग बटण.

जवळच्या सरकारी दवाखान्यात नातीच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडा ९८. मुलाचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, या आकड्यावर जाऊ नका. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, आणि चिमट्यातल्या साध्या यंत्राला हिमोग्लोबिनवर कोण बसलंय ते ओळखता येत नाही. दोघेही त्याला सारखेच लाल दिसतात. नुसत्या हवेवर ठेवलं तर रक्तातलं हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला की तास-दीड तास. नातीला आणि मंडळींना सकाळपर्यंत मास्क होता. आता दोघीही ठणठणीत आहेत.

सकाळी मी अखेर गाडीखाली वाकलो. जनरेटरच्या सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या आतच संपत होतं, मागच्या बंपरच्या अलीकडं, बरोबर न्हाणीच्या खाली. न्हाणीचा पाइप जिथून खाली उतरतो तिथं फरशीला मूठभर भोक, भोवती रबर नाही की सिलिकॉन नाही. वायरी डिकीतून आत आणल्या होत्या तिथंही तेच. गाडीत कुणाला थांबू न देता जनरेटर आणि छतावरचा पंखा सुरू केला, भोकाखाली उदबत्ती धरली. धूर सरळ वर आत गेला, चुलीच्या धुराड्यात जावा तसा. छतावरचा पंखा आतली हवा बाहेर फेकणारा होता. रात्री तो आम्ही मुद्दाम चालू ठेवला होता, हवा खेळती राहावी म्हणून! काचा बंद असताना पंखा हवा बाहेर काढतो तेव्हा तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ती सापडेल त्या भोकातून येते. आमच्याकडं ते भोक सायलेन्सरच्या तोंडावर होतं.

शिवाय जनरेटर बंद डिकीत कोंडलेला. इंजिनाला ताजी हवा मिळाली नाही की ते स्वतःचाच गरम धूर पुन्हा ओढतं, ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू आणखी वाढतो. एक टनाचा एसी ओढताना तर विचारूच नका.

गाडीमालकाला फोन केला. माणूस वाईट नव्हता, घाबरला. म्हणाला, "काका, अलार्म आहे की आत!" होता. ओट्याखाली, फरशीलगत. पण तो एलपीजी गळतीचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तो अलार्म खाली बरोबरच आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, सगळीकडं मिसळतो, आणि त्याचा सेन्सरच वेगळा असतो. एकाचं काम दुसरा करत नाही. "आणि पासिंग?" मी विचारलं. "पासिंग झाल्यावर जनरेटर घेतला, काका. तो बसवायचा नाही, नुसता ठेवायचा असतो."

संपादक महाशय, पत्र लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळं. मी आयुष्यभर गाड्या पासिंगला उभ्या केल्या. ब्रेक, लाइट, स्टिअरिंग, टायर, धूर. सगळी तपासणी गाडी पळताना माणूस मरू नये म्हणून आहे, आणि ती योग्यच आहे. पण कॅराव्हॅनचा धोका गाडी उभी राहिल्यावर सुरू होतो, इंजिन बंद, ड्रायव्हर झोपलेला. ती तपासणी कुठल्या कागदावर आहे? मोटार कॅराव्हॅनसाठी आपल्याकडं एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. ते गाडी मंजूर होताना लागतं. नंतर कुणी डिकीत काय आणून ठेवलं, फरशीला कुठं ड्रिल मारलं, ते बघणार कोण?

हे माझ्या घरचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात केरळमध्ये वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी तीच गाडी पुन्हा चालवून तपासली, तेव्हा जनरेटरचा वायू तळातल्या भोकातून आत येतो आणि दोन तासांत ९५७ पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ९५७ भागांपर्यंत चढतो असं आढळलं. या वायूच्या अलार्मचं युरोपातलं मानक सांगतं की ३०० पीपीएम झाले की तीन मिनिटांच्या आत बोंबललं पाहिजे. त्या गाडीचं भोक आणि आमच्या न्हाणीचं भोक यांत मला फारसा फरक दिसत नाही. आम्ही वाचलो ते एका मुलीच्या उलटीमुळं.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं. छानच झालं, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना हॉटेलचे जिने चढावे लागत नाहीत. त्या धोरणात कॅराव्हॅन पार्कही आहेत. तिथं गाडीजवळ जाड वायरीचा एक प्लग पॉइंट असला की रात्री जनरेटर लावायचं कारणच उरत नाही. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त इलाज हाच. बाकी परिवहन खात्याकडं माझं मागणं थोडकं आहे. भाड्याच्या कॅराव्हॅनच्या फिटनेसच्या वेळी जनरेटर चालू करून, काचा लावून, आत मीटर ठेवून अर्धा तास गाडी उभी करावी. नव्या व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा फिटनेस असतो, त्यात अर्ध्या तासानं कुणाचं काही बिघडत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मशिवाय कागद देऊ नये. त्याच्या सेन्सरलाही आयुष्य असतं, पाठीवर मुदत छापलेली असते, ती बघावी. शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅनवाल्यांनाही हे सगळं लागू आहे. तिथं जनरेटर मोठा, आणि दिवसभर आत बसणारी मेकअपची पोरं बोलणार कुणाला?

गाडी भाड्यानं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या बाहेर आलंय का ते स्वतः वाकून बघा. उघडणाऱ्या खिडकीखाली नसावं, छताच्या उंचीपर्यंत उभा पाइप नेलेला असेल तर उत्तम. मागं भिंत, बांध, गवताची गंजी असेल तर गाडी पुढं घ्या. झोपताना जनरेटर बंद. एक खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणजे झालं, या भरवशावर राहू नका, त्याच खिडकीतून तो आत येऊ शकतो. आणि गाडीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं तर पित्ताची गोळी शोधत बसू नका.

मालकानं परवा फोटो पाठवले. पाइप वाढवलाय, भोकं बुजवलीत, अलार्म लावलाय. फोटोवरून मात्र भोक पुरतं बुजलं की नाही कळत नाही, त्याला उदबत्तीच धरावी लागते. परिवहन खात्यातल्या कुणाला तो प्रयोग बघायचा असेल तर मी मिरजेतच असतो. सकाळी नऊनंतर कधीही यावं.

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर, मिरज