दगडावर चुन्याचे चार बाण तरी मारा

महोदय,
गेल्या रविवारी पहाटे आम्ही तिघे खारघरचा डोंगर चढलो. फणसवाडीकडची वाट सोपी. माथ्यावर ढग क्षणभर फाटले, खाली पनवेलची खाडी नि इमारतींची रांग दिसली आणि पोटऱ्या दुखायच्याच विसरल्या. उतरताना मात्र दुसऱ्या वाटेने फेरी पूर्ण करायची हौस नडली. ओढ्यापाशी वाटा फुटतात. तिथे ना पाटी, ना खूण. घोट्याएवढं पाणी एका सरीत गुडघ्याला लागलं. ‘इकडून नका जाऊ, बाबांनो’ म्हणत पाड्यावरच्या आजींनी मागे फिरवलं (वर चहाही पाजला). जवळच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते, ती योग्यच. पण बाकीच्या वाटांवर दगडांवर चुन्याचे चार बाण मारायला असा किती खर्च येणार?
– एक वाचक, बेलापूर