विषय : टोइंगचे २३६ रुपये परत करा, पावती तुमचीच वाचून बघा

ऑपरेशन्स मॅनेजर यांस,

तुमच्या कस्टमर केअरने आत्ताच "अजून काही मदत करू शकतो का सर" असं विचारून माझा फोन कट केला, म्हणून आता लेखी देतोय. टोइंग कसं चालतं हे तुम्हाला समजावत बसत नाही, धंदाच तुमचा तो आहे.

पावतीवर गाडी उचलल्याची वेळ ११:५२ लिहिलीय. त्याच पावतीवर खाली पोलिसांची सही, सहीशेजारी वेळ १२:४० आणि ठिकाण म्हणून तुमचं यार्ड. म्हणजे गाडी उचलली तेव्हा साहेब गाडीपाशी नव्हतेच. समोरच्या मेडिकलवाल्याच्या सीसीटीव्हीतही तेच दिसतंय, तुमच्या कंपनीच्या टीशर्टातली पोरं, त्यातल्या एकाच्या हातात अर्धा वडापाव, तो तोंडात धरून त्याने माझी स्कूटर मागून उचलली. खाकी कपडा अख्ख्या क्लिपमध्ये नाही. भोंगा पण वाजला नाही, व्हॅनवर तो बहुतेक शोभेला लावलाय.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ काढा. मनाई असलेल्या जागी उभी गाडी उचलायची तर त्या हद्दीतल्या, युनिफॉर्ममधल्या पोलीस अधिकाऱ्याने तसं सांगावं लागतं. आणि टोइंगचा खर्च मालकाच्या अंगावर कधी पडतो, तर गाडी अशी पोलिसाच्या अधिकाराने हलवली असेल तर, हे त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये आहे. वडापाववाल्याच्या अधिकाराने हलवली तर खर्च कुणी द्यायचा ते तिथे लिहिलेलं नाही, माझ्या मते तुम्ही.

आता चलनाचा फोटो. लिंक उघडली तर माझी स्कूटर तुमच्या व्हॅनवर चढलेली, पुढचं चाक दोरीने बांधलेलं, मागे कुणाची तरी ॲक्टिव्हा. रस्ता नाही, फुटपाथ नाही, बोर्ड नाही. गाडी कुठे उभी होती ते या फोटोवरून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. जमिनीपासून चार फूट वर नो पार्किंग झोन असतो का? असेल तर तसा बोर्ड लावा.

बोर्डावरून आठवलं, त्या गल्लीत जो एकमेव बोर्ड आहे त्याच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय, मागचा बोर्ड बघायला मला फ्लेक्सची दोरी बाजूला करावी लागली. सिग्नल-बोर्ड झाकणाऱ्या जाहिराती काढायची सोय कलम ११६ मध्ये आहे, पण फ्लेक्स उचलून कमिशन मिळत नसावं.

एवढं सगळं मी तुमच्या माणसाला फोनवर शांतपणे सांगितलं. खरंच शांतपणे. त्याने मध्ये एकदा होल्डवर ठेवलं, गणपतीची आरती ऐकवली, आणि परत येऊन म्हणाला, "सर गाडी उभी होती म्हणूनच उचलली ना, चालती गाडी कशी उचलणार?" मागे कुणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. मी म्हटलं दादा, उभी होती हा मुद्दाच नाहीये, उचलताना पोलीस होते का ते सांगा. तर म्हणे "साहेब यार्डात असतात, तिथे भेटा." मी म्हटलं हेच तर मी म्हणतोय की साहेब यार्डात होते! तर म्हणे "मग बरोबरच आहे ना सर." यावर काय बोलणार? मग जरा आवाज खाली करून सल्ला दिला, "लोक अदालतीपर्यंत थांबा, चलन अर्ध्यात सुटेल, एवढे शिकलेले दिसता, दोनशे रुपयांसाठी कशाला डोकं खराब करता." दोनशे नाही, २३६. आणि डोकं खराब तुम्ही केलंय. ५०० च्या चलनाचं मी कोर्टात बघतो, तिथे मला डिस्काउंट नकोय. तुमच्याकडून फक्त २३६.

त्या २३६ मध्ये २०० टोइंग आणि ३६ जीएसटी. जीएसटी घेतलात तर पावतीवर जीएसटी नंबर कुठाय? कंपनीचा पत्ता पण नाही, नुसता रबरी शिक्का, तो पण अर्धा उमटलेला. माझे ३६ रुपये सरकारजमा झाले की नाही हे मी जीएसटी ऑफिसला विचारणार आहे, आणि १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर तुमच्या कंत्राटाची प्रत आणि त्या दिवशी व्हॅनवर ड्युटीला कोण होतं ते पण मागणार आहे. ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला फी लागत नाही हेही माहिती असू द्या.

वाईट याचं वाटतं की जुना ठेकेदार गेला आणि तुम्ही आलात तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं, आता मशीनची पावती मिळते, कारभार सुधारला. पावती मिळाली खरी. त्याच पावतीवर ११:५२ आणि १२:४० आहे, परत एकदा बघा.

पंधरा दिवसांत पैसे ज्या यूपीआयवरून घेतलेत त्याच्यावरच परत टाका. रोख देतो म्हणून यार्डात बोलावू नका, तुमच्या यार्डासमोर गाडी लावायला जागा नाही.

सोबत : पावतीची झेरॉक्स, चलनातला फोटो, फ्लेक्सचा फोटो. सीसीटीव्हीची क्लिप मागाल तर देईन, कोर्टात तर देणारच आहे.