रंगदृष्टिदोष म्हणा

रविवारच्या पुरवणीतील नेत्रविकारांवरील लेखात ‘डाल्टनिझम’साठी ‘रंगांधळेपणा’ हा शब्द वाचला आणि खटकला. मूळ शब्दात आंधळेपणा नाहीच. तो रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्या नावावरून आला. १७९४ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला. लाल लाख आणि झाडाचे हिरवे पान त्यांना सारखेच दिसे; निळा, पिवळा मात्र ते नीट ओळखत. त्यांच्या जतन केलेल्या डोळ्याच्या १९९५ मधील डीएनए तपासणीतही हिरव्या रंगाशी संबंधित एकच रंगद्रव्य नसल्याचे आढळले. याला अंधत्व कसे म्हणावे? माझ्या मुलाला हाच दोष आहे. वर्गातली मुले त्याला ‘आंधळा’ म्हणतात, ती याच शब्दामुळे. ‘रंगदृष्टिदोष’ हा नेमका शब्द आपण वापरावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा