नजर ठेवा, पण दुखणाऱ्या माणसाला संशयित करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्ट्राँग पेनकिलरवर सरकारने अजून कडक व्हावं असं हल्ली जो तो म्हणतोय, गोळ्यांचं व्यसन वाढतंय म्हणून. कंट्रोल हवाच, त्यात वाद नाही. पण कडक म्हणजे नक्की काय करायचं?

कारण कडकपणा आपण एकदा करून बघितलाय. 1985 ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायदा आला, उद्देश ड्रग्जचा धंदा बंद करायचा होता, पण झालं काय की मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनेवरचं औषध, ठेवायचं तर हॉस्पिटलला राज्य सरकारची चार-पाच लायसन्स लागायला लागली आणि ती सगळी एकाच वेळी चालू असायला हवीत, म्हणजे शेवटचं हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली, वर कागदात काही चुकलं तर जेलची भीती, मग कोण कशाला नसती भानगड मागे लावून घेईल? 1997 पर्यंत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर तब्बल 97 टक्क्यांनी खाली आला. आणि अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते, परदेशातही जाते! इथला कॅन्सरचा पेशंट मात्र रात्रभर तळमळतोय. 2014 ला कायदा बदलला, मॉर्फिनसारख्या सहा औषधांसाठी एकच परवानगी पुरेशी झाली, पण इतकी वर्षं जे औषध कधी लिहिलंच नाही ते लिहायला डॉक्टरांचा हात एकदम कसा उठणार.

अमेरिकेत उलटं. तिथे 1996 ला ऑक्सिकॉन्टिन नावाची मॉर्फिनच्याच जातीची स्ट्राँग पेनकिलर आली, कंपनीने व्यसनाचा धोका कमी म्हणून विकली (पुढे 2007 मधे कोर्टात गुन्हा कबूल केला, ते वेगळं) आणि डॉक्टरांनी भरमसाठ लिहून दिली. मग जाग आली. राज्याराज्यात प्रिस्क्रिप्शनचा कॉमन रेकॉर्ड सुरू झाला, त्याचा कायदा मिसूरी राज्याने सगळ्यात शेवटी केला, 2021 ला. कल्पना चांगलीच आहे. डॉक्टरला लिहायच्या आधी दिसतं की या माणसाने आधी दोन डॉक्टरांकडून हेच घेतलंय का, किंवा सोबत झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, कारण ही दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे शेड्यूल एच वनचं, म्हणजे जास्त नजर ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, केमिस्टकडे रजिस्टर असतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं ठेवायचं, पण ते त्या एका केमिस्टकडेच पडून राहतं, दुसऱ्याला काय कळणार?

पण अमेरिका पुढे जाऊन फसली ती आकड्यांत. 2016 ला तिथल्या सीडीसीने, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेने, या पेनकिलरच्या डोसबद्दल गाइडलाइन दिली, फक्त सल्ला होता, राज्यांनी आणि इन्शुरन्सवाल्यांनी त्याचा नियमच करून टाकला, डॉक्टर घाबरले आणि वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचा डोस धडाधड कापला. अशी गोळी एकदम तोडली की शरीर बंड करतं, दुखणं दुपटीने येतं, काही जण आत्महत्येपर्यंत जातात, काही रस्त्यावरचा माल शोधतात आणि त्यात फेंटानिल असतं, मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट जहाल. 2019 ला एफडीएला (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) वॉर्निंग द्यावी लागली की एकदम बंद करू नका, आणि 2022 ला सीडीसीनेही सांगितलं की हे आकडे म्हणजे कडक लिमिट नाही. या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन तर तिथे 2012 नंतर कमी कमीच होत गेली, तरी 2021 ला ओव्हरडोसचे मृत्यू लाखाच्या वर, त्यातले बहुतेक बेकायदा फेंटानिलचे. मग नुसत्या चिठ्ठ्या मोजून काय मिळालं?

म्हणून आपल्याकडे अशी कॉमन रेकॉर्डची सिस्टीम करायचीच असेल तर ती आधी डॉक्टरच्या आणि केमिस्टच्या समोर उघडी हवी, पोलिसांना बघायची असेल तर कोर्टाची परवानगी आणावी. रेकॉर्डमधे लाल खूण दिसली तर डॉक्टरने पेशंटशी बोलावं, डोस कमी करायचा तर हळूहळू करावा, व्यसन लागलंय असं वाटलं तर त्याच्या उपचाराला पाठवावं, हाकलून देऊ नये. आणि दरवर्षी फक्त किती गोळ्या कमी झाल्या एवढंच छापू नका, कुठल्या जिल्ह्यात मॉर्फिन मिळतच नाही तेही सरकारने जाहीर करावं.

आपला,
एक वाचक