व्हीसीओ किटमध्ये टेम्पकोच्या जागी साधा रेझिस्टर : तक्रार व मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : युरोरॅक (मॉड्युलर सिंथेसायझरचा प्रमाणित साचा) व्हीसीओ किटमधील आर१४ हा भाग चुकीचा आल्याबद्दल, तसेच पॉवर हेडरचा बाण उलटा छापल्याबद्दल.

महोदय,

आपले व्हीसीओ (दिलेल्या व्होल्टेजनुसार स्वर काढणारा सिंथेसायझरचा ऑसिलेटर) किट जोडून झाले आहे. करवती लहर ऑसिलोस्कोपवर सरळ, स्वच्छ दिसते. पण मॉड्यूल सुरात राहत नाही. आपल्या तंत्रसाहाय्य विभागाचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते : ट्रिमर (सूर जुळवण्याचा छोटा स्क्रू) पुन्हा लावा, वीस मिनिटे तापू द्या. हा दोष ट्रिमर फिरवून जाणारा नाही, कारण तो भागातच आहे. पावती, फोटो आणि मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे.

आपल्या भागांच्या यादीत आर१४ म्हणजे '१ किलोओहम, +३३०० पीपीएम टेम्पको' असे लिहिले आहे, म्हणजे तापमानाच्या दर अंशामागे ज्याचा रोध ०.३३ टक्के वाढतो असा रेझिस्टर. पाकिटात आला तो निळा मेटल फिल्म, पट्ट्या तपकिरी, काळी, काळी, तपकिरी, तपकिरी. म्हणजे सरळ एक किलोओहम, एक टक्कावाला. रंग पाहून निवाडा करू नये म्हणून बोर्डावरून काढून मल्टिमीटरला लावला आणि हेअर ड्रायरने तापवला. २५ अंशांना १००० ओहम भरणारा खरा टेम्पको ४५ अंशांना १०६६ च्या आसपास गेला पाहिजे. हा १००१ वर थांबला. आपल्या पॅकिंगच्या टेबलावर ही तपासणी त्याहून सोपी आहे : भाग दोन बोटांत धरा. टेम्पको असेल तर काही सेकंदांत आकडा पंधरावीस ओहमने चढतो, साधा असेल तर जागचा हलत नाही.

या एका भागावर सगळा सूर उभा आहे. एक व्होल्टला एक सप्तक हा हिशेब ज्या ट्रान्झिस्टर जोडीवर चालतो, तिच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्टचा फरक पडला की प्रवाह दुप्पट होतो आणि स्वर एक सप्तक चढतो. पण हे १८ मिलिव्होल्ट कायम नसतात. ते केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतात. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, दर अंशामागे ०.३३ टक्के. टेम्पको बेसकडे जाणारा व्होल्टेज त्याच दराने वाढवतो आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. म्हणून तर तो जोडीला चिकटवून बसवायचा असतो. आपल्या बोर्डावर आर१४ ची जागा नेमकी त्या जोडीच्या पाठीवर दिली आहे, मध्ये थर्मल पेस्टला जागा ठेवली आहे. इतक्या विचाराने आखलेल्या बोर्डावर साधा रेझिस्टर जावा, याचे फार वाईट वाटते.

परिणाम आकड्यांत सांगतो. खोलीत २७ अंश असताना ट्रिमर लावून ० व्होल्टला ६५.४१ आणि ४ व्होल्टला १०४६.५ हर्ट्झ मिळवले. दुपारी खोली ३४ अंशांवर गेल्यावर खालचा स्वर पुन्हा ६५.४१ ला आणला, स्केलचा ट्रिमर हलवला नाही. ४ व्होल्टला ९८३ हर्ट्झ. म्हणजे वरचा सा लावावा तर जवळपास शुद्ध निषाद वाजतो. सात अंशांना दर सप्तकामागे सुमारे २७ सेंट (एक सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) उतरतात, चार सप्तकांत १०८ च्या पुढे. सूत्रावरून काढलेला हिशेब आणि मोजलेला आकडा इथे तंतोतंत जुळतात. टेम्पको अजिबात नसलेल्या व्हीसीओचे हेच लक्षण आहे. ३४ अंशांना नव्याने ट्रिम केले तर रात्री तितकाच चढेल. तापू देण्याचा सल्लाही इथे लागू पडत नाही, कारण पेटीतले तापमान शेवटी खोलीच्या मागेच जाते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये दिवसरात्रीचा फरक सात अंशांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आपल्या पत्रात टायमिंग कपॅसिटरवर आणि एलएम१३७०० आयसीवर संशय घेतला होता. तो टिकत नाही. कपॅसिटर तापमानाने सरकत असेल तर सगळी सप्तके सारख्याच सेंटने सरकतात आणि खालचा स्वर जुळवला की वरचेही जुळतात. कंपॅरेटरचा रीसेट (प्रत्येक आवर्तनानंतर लहर पुन्हा सुरुवातीला आणणे) हळू असेल तर चूक फक्त वरच्या टोकाला दिसते : ५ किलोहर्ट्झला आवर्तन २०० मायक्रोसेकंदांचे, त्यात रीसेटला एक मायक्रोसेकंद गेला तर साधारण ९ सेंट उतरतात; खालच्या सप्तकांत काहीच जाणवत नाही. इथे मात्र चूक प्रत्येक सप्तकाला सारखी वाढत जाते, आणि वाढते ती तापमानाबरोबर. दोन्ही वेळी पुरवठा +११.९८ आणि −१२.०१ व्होल्ट होता आणि सीव्हीचे (स्वर ठरवणाऱ्या व्होल्टेजचे) टप्पे एका मिलिव्होल्टच्या आत होते.

दुसरी बाब धोक्याची आहे. युरोरॅकच्या दहा पिनांच्या हेडरवर केबलची लाल पट्टी −१२ व्होल्टच्या बाजूला येते. आपल्या बोर्डावरचा 'लाल पट्टी' बाण +१२ च्या टोकाला छापला आहे. केबल न लावता मल्टिमीटरने पाहिले : बाणाकडच्या पिनांच्या जोडीपासून टीएल०७२ या आयसीच्या ८ क्रमांकाच्या पायापर्यंत १० ओहम, आणि ८ हा त्या आयसीचा धन पुरवठा. ४ पर्यंत, म्हणजे ऋण पुरवठ्यापर्यंत, यायला हवे होते. बाणावर विश्वास ठेवून कोणी केबल लावली तर सगळ्या आयसींना उलटा पुरवठा जाईल. त्यात संरक्षक डायोड एकही नाही, फक्त ते दोन १० ओहमचे रेझिस्टर आहेत. दोन्ही पुरवठ्यांवर एकेक १एन५८१७ डायोड टाकला असता तर खर्च काही रुपयांचा होता.

माझ्या मागण्या अशा. मला खरा टेम्पको पाठवावा. ३३०० किंवा ३५०० पीपीएम, दोन्ही चालतील. एनटीसी थर्मिस्टर कृपया पाठवू नये, तो तापल्यावर उतरतो आणि चूक कैक पटींनी वाढवतो. बोर्ड परत मागवण्याची गरज नाही, आर१४ ची पॅड शाबूत आहेत. ज्या खेपेतून हे किट आले, त्या खेपेच्या सर्व ग्राहकांना बाणाबद्दल आजच कळवावे. टेम्पको नंतर बदलता येतो, जळलेल्या आयसी परत येत नाहीत. तसेच शिल्लक किटमधला आर१४ मोजूनच पुढे पाठवावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष वस्तूची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून नंतर जिल्हा आयोगाकडे जाईन. ती वेळ आपण येऊ देणार नाही, अशी अपेक्षा आहे.

आपला ग्राहक,
पुणे

सोबत : पावतीची प्रत, आर१४ व हेडरचे फोटो, मोजमापांचा तक्ता