रविवारची आठवण : चित्रपट जेमतेम १४ मिनिटांचा, उशीर नको

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'अ कॉर्नर इन व्हीट' हा १९०९ सालचा अमेरिकन मूकपट दाखवणार आहोत. एकाच रिळाची गोष्ट आहे. सव्वासहाला आलात तर दिवे लागलेले दिसतील, म्हणून कृपया ५.५० पर्यंत जागेवर बसा.

विषय साठेबाजीचा. एक सटोडिया बाजारातला सगळा गहू मुठीत धरतो आणि इकडे बेकरीत पाटी लागते : ५ सेंटचा पाव आता १० सेंट. एकीकडे त्याची झगमगती मेजवानी, दुसरीकडे पावासाठी रांग. ही रांग नीट बघा. माणसं अक्षरशः पुतळ्यासारखी उभी आहेत, क्षणभर वाटतं फिल्मच अडकली. अडकलेली नसते! हलती मेजवानी आणि थिजलेली रांग शेजारी ठेवून ग्रिफिथने संवादाविना जे सांगितलंय, ते मला आजही बेचैन करतं. शेवटी तो सटोडिया धान्याच्या कोठारात पडतो, वरून गहू कोसळत राहतो, आणि वर आलेला हात तेवढा दिसतो. बिली बिट्झरचं छायाचित्रण आहे; पेरणी करत कॅमेऱ्याकडे चालत येणारा शेतकरी पाहाच.

चित्रपट लागोपाठ दोनदा दाखवू, मध्ये चहा. मोबाइल बंद ठेवा, पडद्यावर आवाज नसला की साधी कुजबुजही फार ऐकू येते. मुलांना जरूर आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, खुर्च्या मांडायच्या आहेत.